माईक बंद आहे ना?

धम्मानंद खोब्रागडे नागपूरला लागून असलेल्या वाडीत अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर आहे. कोणता ट्रक कधी लागला, कोणता माल कुठे जायचा, हे पाहणं त्याचं काम. वय चाळिशीच्या पुढे. घरी बायको दीप्ती, बालवाडीत शिकवते, आणि वडील शालिकराम. शालिकरामांनी आयुष्य कामठीत पॉवरलूमवर काढलं. डावी बाजू लकव्यानं गेली तेव्हापासून ते मुलाजवळ राहतात. काठी टेकत अंगणापर्यंत येतात, पण अंघोळ आणि कपडे धम्मानंदच्या हातानं.

धम्मानंदला एकच वेड होतं, मुंबई. तरुणपणी नोकरीच्या मुलाखतीसाठी तो तिथे एकदाच गेला होता. स्टेशन, एक ऑफिस आणि परत स्टेशन, एवढंच पाहून आला. समुद्रही पाहिला नाही. मग ते शहर त्याच्या डोक्यातून गेलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या पायरीवर बसून तो मोबाईलवर मुंबईचे रस्ते बघायचा, जणू उद्या तिथे पत्ता शोधायचा आहे.

त्याचा कॉलेजचा दोस्त पियूष. घरचं नागपूरच्या गांधीबाग बाजारात कपड्याचं ठोक दुकान, पण गादीवर बसण्यात मन नाही. दोन वर्षांपासून तो प्रवासाचे व्हिडिओ बनवून टाकत होता. एका रविवारी वाडीत चहा पिताना म्हणाला, "चल बे, तुही मुंबई करून टाकू. पाठीवर बॅग, खिशात चणे-फुटाणे. एवढ्या महाग शहरात दोन माणसं किती कमी पैशात राहू शकतात, ते दाखवू लोकायले."

"मले काय दाखवतं गा व्हिडिओत," धम्मानंद हसला. पण घरी येईपर्यंत त्याचं ठरलं होतं.

जानेवारीत निघाले. दीप्तीनं चिवडा, लसणाची चटणी आणि तीन दिवस टिकतील अशा दशम्या दिल्या. आठवडाभर बाबांकडे बघायला कामठीहून पार्वतीबाई आत्या आली. शालिकराम खाटेवरून म्हणाले, "पाहून ये. तवा त्यायनं तुले घेतलं नाही, तं आता तू पाय ठेवून ये." मुलगा मुलाखतीत नापास झाला, ही गोष्ट ते सगळ्यांना सांगत. त्यात राग नव्हता. मुंबईवाल्यांना पोरगा ओळखता आला नाही, असा त्यांचा सूर असायचा.

मुंबईत दोघं मस्जिद बंदरजवळच्या एका डॉर्मिटरीत उतरले. एकावर एक खाटा, एक खिडकी, आणि न्हाणीसमोर कायम रांग. धम्मानंदला त्याचंही कौतुक. सकाळी बाटल्या भरून घ्यायच्या, बसचा दिवसाचा पास काढायचा आणि खिडकीची जागा मिळाली की शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं. दुपारी वडापाव. दादरच्या गुरुद्वारात लंगर मिळतो असं कळलं तेव्हा दोघंही गेले, आणि जेवल्यावर धम्मानंद बाया-माणसांच्या ओळीत बसून ताटं घासू लागला. पियूषनं तेही टिपलं. मोजे धुऊन बॅगेला बांधून बसमध्ये वाळवणारा धम्मानंद, खाटेसाठी घासाघीस करणारा धम्मानंद, एसी मॉलमध्ये फक्त थंड हवा खायला उभा राहिलेला धम्मानंद, सगळं कॅमेऱ्यात. त्याच्या कॉलरला पियूषनं एक बारका माईक लावून दिला होता. पहिल्या दिवशी धम्मानंद छाती आखडून चालला. मग विसरून गेला.

कान्हेरीच्या लेण्यांत मात्र त्यानं स्वतः माईक काढून खिशात ठेवला. एका विहारातल्या दगडी ओट्यावर तो बराच वेळ बसला. पियूष बाहेर थांबला. त्या दिवशी धम्मानंदला वाटलं, याला कळते, कुठे थांबायचं ते.

शेवटच्या आदल्या दिवशी समुद्रातून जायचं होतं. मोठ्या बोटी परवडत नव्हत्या. भाऊच्या धक्क्यावरून पलीकडच्या मोरा बंदराला साधी लाँच सुटते, तिचं तिकीट काढलं. टोपल्या घेतलेल्या बायकांमध्ये उभं राहून धम्मानंदनं पहिल्यांदा खारा वारा तोंडावर घेतला. मोऱ्याला उतरले आणि ओहोटी लागली. परतीची बोट पाणी चढल्याशिवाय नाही, असं तिथला माणूस म्हणाला. पियूषनं कॅमेरा मागे स्टँडवर उभा केला, मग दोघं धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसले. समोर चिखल, चिखलात तिरप्या होड्या, आणि पलीकडे दूर शहराच्या इमारती. ऊन उतरत होतं.

धम्मानंद तिकडेच बघत होता. मग म्हणाला, "पियूष, माईक बंद आहे ना?"

"बंद आहे बे. बॅटरी वाचवून राहिलो."

"एक सांगू? कोणाले नाही सांगतलं. दीप्तीले पण नाही."

आणि त्यानं सांगितलं. ती नोकरी त्याला लागली होती. इथल्याच एका छापखान्यात. मुलाखतीहून परतल्यावर थोड्याच दिवसांत बाबांना लकवा मारला. आई आधीच गेलेली. बाबा दवाखान्यात असताना शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला की रुजू व्हा. त्यानं त्या फोनवरच नाही म्हटलं, आणि घरी सांगितलं की नापास झालो.

"बाबाले सांगतलं असतं तं त्यायनं मले ढकलून पाठवलं असतं," तो म्हणाला. "कधी कधी रात्री त्यायचे पाय चोळताना मनात येते यार, हा माणूस तवाच गेला असता, तं मी तिकडे राहिलो असतो. त्या बिल्डिंगीत कुठी तरी. मग मले माहीच लाज वाटते. पण येते मनात. काय करू?"

पियूषनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "येते बे. माणूसच आहे ना तू."

नागपूरला परतताना धम्मानंदला छाती मोकळी झाल्यासारखं वाटत होतं. गोदामात तो सगळ्यांना समुद्राच्या गोष्टी सांगत सुटला.

व्हिडिओ फेब्रुवारीत आला. पियूषचा मेसेज आला, "टाकला. पाह्य. तू हिरो आहे त्यात." धम्मानंदनं तो एकट्यानं पाहिला नाही. संध्याकाळी त्यानं मोबाईल टीव्हीला जोडला, बाबांची खाट समोर सरकवली, मागे उशी लावली. दीप्ती हात पुसत येऊन बसली. शेजारचे रुपराव, बाबांचे पत्त्याचे जोडीदार, तेही आले. बाबांना समुद्र दाखवायचा होता.

सुरुवातीला सगळे पोट धरून हसले. वाळणारे मोजे दिसले तेव्हा रुपराव म्हणाले, "शालिकराम, तुहं पोरगं तं जोकर निंघालं!" धम्मानंदही हसला. त्याची थोडी थट्टाच केली होती. बसमध्ये तोंड उघडं ठेवून झोपलेला तो, खाली 'विदर्भाचा पाव्हणा' असं लिहिलेलं. चालते म्हणाला मनात.

मग मोऱ्याचा धक्का आला. पाठीमागून घेतलेलं चित्र, दोन माणसं, उतरतं ऊन. बासरी वाजू लागली. आणि टीव्हीतून धम्मानंदचाच आवाज आला, "ती नोकरी मले लागली होती."

तो रिमोटकडे झेपावला. घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि आवाज आणखी वाढला.

"राहू दे," शालिकराम म्हणाले.

"बाबा, ते..."

"राहू दे म्हटलं ना. आयकू दे."

शेवटपर्यंत त्यांनी ऐकलं. पाय चोळण्याचं, आणि त्यानंतरचं ते वाक्यही. 'माईक बंद आहे ना' हा प्रश्न मात्र व्हिडिओत कुठेच नव्हता. तेवढा कापला होता. रुपराव उठून कधी गेले कोणाला कळलं नाही. दीप्तीनं टीव्ही बंद केला.

शालिकरामांनी पाठीमागची उशी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मी अख्ख्या कामठीले सांगत राहिलो, पोरगा नापास झाला म्हून. तुह्या सासऱ्याले पण सांगतलं. मले खोट्यात पाडलं तुनं."

"मी तुमच्यासाठी..."

"मी मांगतलं होतं काय? मले इचारायचं तरी होतं. मी म्हटलं असतं, जाय."

"म्हटलं असतं, म्हूनच नाही इचारलं, बाबा."

"तं मंग ठरवणारा तू कोण?" एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. 'तवाच गेला असता' या वाक्याबद्दल ते तेव्हा काही बोलले नाहीत, नंतरही कधी बोलले नाहीत. धम्मानंद पाय चोळायला बसला, तर त्यांनी उजव्या हातानं त्याचा हात बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी धम्मानंद कामावर न जाता गांधीबागेत गेला. पियूष दुकानात गादीवर होता. त्याला पाहून हसत उठला. "आला बे हिरो! पाहिलं काय किती लोकायनं पाहिलं? लोक रडून राहिले. एक बाई लिहिते, असा पोरगा सगळ्याले मिळो."

"तू म्हटलं होतं, माईक बंद आहे."

"मले वाटलं बंद आहे. रात्री पाहिलं तं रेकॉर्डिंग झालेलं होतं."

"मंग पुसून टाकायचं."

पियूषनं आवाज खाली आणला. "खरं सांगू? पुसणारच होतो. मंग आयकलं. एवढं खरं बोलणं मह्या एका पण व्हिडिओत नव्हतं. बाकीचं काय, मोजे अन् वडापाव. तुह्या बाबाचं नाव तं नाही घेतलं ना कुठी?"

"माहं तोंड आहे त्यात. आवाज आहे."

"पण वाईट काय दिसलं तुहं? चांगलाच दिसला ना तू!"

"मी इचारलं होतं तुले," धम्मानंद म्हणाला. "तो माहा प्रश्न काहून कापला?"

कापडाच्या थानांच्या गठ्ठ्यावरची धूळ पियूषनं हातानं झटकली. मग गड्याला हाक मारून म्हणाला, "दोन चहा सांग." धम्मानंद पायऱ्या उतरून गेला.

दोन-चार दिवसांनी पियूषनं तो भाग काढला. तोवर दुसऱ्यांनी तेवढाच तुकडा उचलून आपापल्याकडे टाकला होता, 'बापासाठी सोडली मुंबई' अशा नावानं. दीप्तीच्या बालवाडीतल्या बायांनी तिला तो दाखवला. ती घरी येऊन धम्मानंदला म्हणाली, "त्याले सांगतलं. मले काहून नाही?" धम्मानंदनं तिच्या हातातली पिशवी घेतली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

शालिकराम पार्वतीबाईंकडे कामठीला गेले. शेअर ऑटोत बसताना धम्मानंदनं धरायला हात पुढे केला, तर ते ऑटोवाल्याला म्हणाले, "बेटा, तू धर." धम्मानंद दर रविवारी जायचा. शालिकराम हवेबद्दल, बाजारभावाबद्दल, आत्याच्या गुडघ्यांबद्दल बोलायचे. बुद्धपौर्णिमेनंतर पार्वतीबाई आजारी पडली म्हणून ते परत वाडीला आले. आता ते अंघोळ स्वतः करतात. दोरी बांधून घेतली आहे न्हाणीत, तिला धरून. खूप वेळ लागतो. एकदा आत पडण्याचा आवाज आला तेव्हा धम्मानंद दाराशी धावला. आतून आवाज आला, "काही नाही. तांब्या पडला." तो दाराबाहेरच उभा राहिला, पाण्याचा आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत.

गोदामात त्याला सगळे मान देतात. ट्रकवाले चहा पाजतात, म्हणतात, भाऊ, तुमचा व्हिडिओ पाहिला. तो मान हलवतो. कोणी मोबाईल टेबलावर ठेवला की तो बोलता बोलता थांबतो आणि मालाकडे बघायला उठून जातो.

मागच्या महिन्यात कॉलेजच्या एका मित्राच्या मुलीचं लग्न होतं. तिथून परतला तेव्हा शालिकराम अंगणात खुर्चीवर बसले होते.

"पियूष आला होता काय?" त्यांनी विचारलं.

"आला होता."

"बोलला?"

"लय बोलला. माफी मांगतली सगळ्यायसमोर. गळ्यात पडला."

"मंग तू?"

"मी जेवलो अन् आलो," धम्मानंद म्हणाला, आणि चपला काढून आत गेला.