प्रतिवादीची चिठ्ठी

आमच्या लॉ कॉलेजच्या मूट कोर्ट सोसायटीत दरवर्षी चारच जणांना घेतात. मूट कोर्ट म्हणजे खोटं कोर्ट. खटला काल्पनिक, न्यायाधीश म्हणून बाहेरून बोलावलेले वकील, आणि आम्ही पोरं काळे कोट घालून भांडतो. सोसायटीत नाव लागलं की मुंबईच्या स्पर्धा, मोठ्या वकिलांच्या ऑफिसात शिकायची संधी. मला ते नाव हवं होतं. हावरटासारखं हवं होतं, उगाच साळसूदपणा कशाला करू?

बाजू चिठ्ठीने ठरते. खटला असा, की एका मच्छीमार गावाच्या मासळी सुकवायच्या जागेवर कंपनीला जेट्टी बांधायचीय आणि गाव कोर्टात गेलंय. माझ्या चिठ्ठीत प्रतिवादी आला, म्हणजे कंपनी. मी रेवदंड्याची, कोळ्याची मुलगी. आमच्या कपड्यांना लागलेला सुक्या बोंबलाचा वास कॉलेजच्या बाकापर्यंत माझ्यासोबत येतो. बाजू बदलून मागायला मी सोसायटीच्या सरांकडे गेले. ते म्हणाले, "अशील निवडत बसलीस तर उपाशी मरशील. बाजू बदलत नाही. माघार घेतलीस तर पुन्हा निवडीला बसता येणार नाही."

त्यात मी आधीच एक शहाणपणा करून ठेवला होता. बाबांना ऐकायला बोलावलं होतं आणि त्यांना कळावं म्हणून मराठीतून बोलायची परवानगीही काढली होती. आता येऊ नका म्हणायला तोंड कुठे होतं? त्यांनी शर्ट इस्त्रीलासुद्धा टाकला होता.

उलट तेच माझी तयारी करून घेऊ लागले. संध्याकाळी जाळं शिवता शिवता म्हणायचे, "बोल बाय, मी जज्ज हाय." कुठली बाजू ते मी सांगितलंच नाही. नुसतं विचारत गेले. बोंबील सुकवायचे बांबू कोण कुठे रोवतं, जागेचा कागद आहे का. ते खुशीत सांगत. पावसाच्या आधी सगळे मिळून बांबू काढतात, नाहीतर कुजतात. चार महिने जागा मोकळी. पाऊस पुरता सरला की ज्याने त्याने आपल्या जुन्या खड्ड्यात ते पुन्हा रोवायचे.

"दुसऱ्याच्या खड्ड्याला कोण हात लावत न्हाय," ते म्हणाले. "कागद कशाला लागतो?"

मी वहीत एवढंच लिहिलं: चार महिने मोकळी.

निवडीच्या दिवशी बाबा मागच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसले होते. मी उभी राहिले आणि मग मला कोणी थांबवू शकलं नाही. "गावाकडे एकही कागद नाही. अखंड वापर म्हणावा, तर तोही नाही. दरवर्षी हे लोक आपल्याच हातांनी बांबू उपटून नेतात. चार महिने सोडून दिलेली जागा त्यांची कशी?" न्यायाधीश भराभर लिहून घेऊ लागले. समोर गावाची बाजू मांडणारी मुलगी कागद चाळत राहिली, तिला उत्तर सापडेना. जुन्या खड्ड्यांचं उत्तर त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. एक मागच्या रांगेत होता आणि दुसरी कंपनीची वकील होती.

पहिलं नाव माझं लागलं. कॉलेज संपेपर्यंत सोसायटी सोडणार नाही, अशी रजिस्टरात सही घेतली. पुढची स्पर्धा मुंबईत, खटला तोच आणि बाजूही तीच. लोक टाळ्या वाजवत होते.

परतताना आम्ही दोघं रिक्षात बसलो.

"चांगली बोललीस," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्या पोरीला खड्ड्यांचं कोणी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"तुला तर मी सांगितलं होतं."

"बाबा, खोटं कोर्ट होतं ते."

"व्हय. पण बांबूंचं खरं हाय ना?"

ते रागावले असते तर मी भांडले तरी असते. ते रागावले नाहीत, आणि मला स्वतःचीच लाज वाटत राहिली.

यंदा पावसाच्या आधी गावाने नेहमीसारखे बांबू काढले. बाबांनी आपले काढले नाहीत. आई ओरडली, शेजारी हसले. मीही म्हटलं, "काढा ना बाबा, कुजतील."

"कुजू दे. जागा सोडली न्हाय, एवढं दिसलं पायजे."

सगळ्या मोकळ्या जागेत आमचेच बारा बांबू भिजत उभे आहेत. माझी कॉलेजची रिक्षा रोज त्यांच्यासमोरून जाते. मांडीवर मुंबईच्या स्पर्धेची फाइल असते. पहिल्या पानावर, पहिला मुद्दा: चार महिने मोकळी.