उजव्या बाजूची किंचाळी

रोलाँ कॅड्यू मनाने वाईट नव्हता, असं कॅनडातल्या सडबरीत अजून काही जण म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांनी त्याच्या हातचा मार खाल्ला नाही, त्यांचं म्हणायला काय जातं? निकेलच्या खाणीत तो यंत्रं दुरुस्त करायचा आणि यंत्रांवर केली तेवढी माया त्याने माणसांवर कधी केली नाही. हॉकी खेळताना त्याने एका पंचाचा जबडा मोडला होता. बारमध्ये एकाने त्याच्या फ्रेंच वळणाच्या बोलण्याची नक्कल केली, तर त्याचं डोकं टेबलावर आपटून, तो खाली कोसळल्यावर रोलाँने आपली उरलेली बिअर निवांत संपवली. घरच्या एका दाराला त्याच्या मुठीचं भोक होतं, त्यावर कॅलेंडर टांगलेलं असायचं.

बायको जिनेट एका हिवाळ्यात लेकीला घेऊन टिमिन्सला निघून गेली. का गेली, हे त्याला कुणी विचारलं नाही. विचारायची छाती कुणाची होती?

गेल्या वर्षी जिनेट वारली. दफनाच्या वेळी लेक समोर आली. मिरेय तिचं नाव. ती आता गाणी गायची, छोट्या हॉलांतून कार्यक्रम करायची. रोलाँने चाचरत सांगितलं की, आपण घराच्या तळघरात रेकॉर्डिंगची खोली केली आहे. मिरेय म्हणाली, आई भांडी घासताना गुणगुणायची ते गाणं मला कुठेतरी नीट गायचंय, तुझ्याकडे येईन. पण रेयोकाका तिथे हवेत. आणि तुझा हात उठला, कुणावरही, तर मी परत तुझं तोंड पाहणार नाही.

एवढ्या एका वाक्यावर रोलाँ वर्षभर जगला.

रेयो राउटिओ हा खाणीतलाच विजेच्या कामाचा माणूस. फिन लोकांतला, म्हणजे बोलणं बेताचंच. रोलाँचा मार न खाल्लेला तो एकटाच मित्र, कारण त्याने कधी वादच घातला नाही. मिरेयचा आवाज कुजबुजीतून एकदम टिपेला जायचा, म्हणून रेकॉर्डिंगला कॉम्प्रेसर हवाच होता. मोठा आवाज दाबून धरणारी ती पेटी. तयार घ्यायची ऐपत नव्हती. मग दोघांनी सुट्या भागांचं किट मागवलं, जुन्या पद्धतीचं, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारं, डावी-उजवी दोन्ही बाजूंचं. बारीकसारीक सगळे भाग रेयोने जोडले. ट्रान्सफॉर्मर जड, म्हणून ते रोलाँने बसवले आणि त्यांच्या तारा त्यानेच जोडल्या.

मिरेय यायच्या दिवशी दुपारी पेटी पहिल्यांदा चालू केली. डावी बाजू झकास. उजवी चालू केली, तर ती अशी किंचाळली की रोलाँने कानांवर हात दाबले. त्याने बंद करून पुन्हा चालू केली. पुन्हा तीच किंचाळी. त्याने खुर्ची उचलून भिंतीवर फेकली. खुर्चीचा पाय मोडला. दुसऱ्या खुर्चीला लाथ बसली.

"तुझ्या सोल्डरिंगने माती केली सगळ्याची," तो रेयोवर गुरगुरला. "ती तासाभरात येईल. काय दाखवू तिला, हे डबडं?"

रेयोने डावीकडचा व्हॉल्व्ह काढून उजवीकडे घातला. किंचाळी उजवीकडेच राहिली, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक होता. मग पेटी चालू ठेवूनच तो मीटरने एकेक जागा मोजत गेला, आधी डावी, मग तीच उजवी. आत तीनशे व्होल्ट खेळत होते, म्हणून डावा हात पँटच्या खिशात. ही विजेचं काम करणाऱ्यांची जुनी शिस्त: एकच हात पेटीत, दुसरा खिशात, म्हणजे चुकून झटका बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात छातीवरून जात नाही. रोलाँ मागे येरझाऱ्या घालत होता आणि त्याला, त्याच्या बापाला, सगळ्या फिनलंडला शिव्या देत होता. रेयोचे आकडे दोन्हीकडे सारखे येत होते. शेवटी तो थांबला.

"माझं सगळं बरोबर आहे, रोलाँ. ट्रान्सफॉर्मरच्या तारा तू कशा जोडल्यास?"

बस्स. तळपायाची आग मस्तकात गेली. रोलाँने मागून त्याच्या कानशिलावर ठोसा हाणला. हातातली मीटरची टोकदार सळई आत घसरली, ठिणगी उडाली, फ्यूज गेला. रेयोचा डावा हात खिशातच अडकला, त्यामुळे त्याला सावरताच आलं नाही. तो तोंडावर पडला तो टेबलाच्या लोखंडी कडेवर. नाकाचा घोळणा फुटला, दोन दात जमिनीवर आले. तरी रोलाँ थांबला नाही. त्याने त्याला कॉलर धरून उचललं आणि भिंतीवर आदळलं, एकदा, पुन्हा एकदा, रेयोचे गुडघे वाकेपर्यंत.

"लाल आणि निळी," रेयो रक्त थुंकत म्हणाला. "उजवीकडच्या. उलट्या लागल्यात, बदल."

रोलाँने त्याला सोडलं. पेटीची पिन काढली, आत साठलेली वीज उतरू दिली, दोन तारा काढून उलट जोडल्या. नवा फ्यूज घातला. चालू केली. किंचाळी नाही, घरघर नाही, काही नाही. दोन्ही बाजू स्वच्छ. वर्षभराच्या कामात चूक एकच होती आणि ती त्याची होती.

तो खाली बसला आणि आपल्या शर्टाने रेयोचं तोंड पुसायला लागला. "सांगू नकोस रे तिला," तो म्हणाला. "पाया पडतो तुझ्या. एवढं एक गाणं होऊ दे."

जिन्यावर पावलं वाजली. मिरेय दारात उभी राहिली. तिने मोडलेली खुर्ची पाहिली, जमिनीवरचे दात पाहिले, रेयोचं तोंड पाहिलं. बापाच्या हाताकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

रेयोने भिंतीला धरून उभं राहायचा प्रयत्न केला. "घसरलो गं पोरी," तो म्हणाला. "जिन्यावरून."

मिरेय पुढे आली. त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला दाराकडे न्यायला लागली.

"चला काका, दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. "आई पण दर वेळी जिन्यावरूनच घसरायची."