मोठा उतार

मला नोकरीचा आदेश आला तेव्हा आमच्या घरी पेढे आले नाहीत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. शाळा धानोऱ्याच्याही पुढे, नदी ओलांडून, घाट चढून गेल्यावर. एसटी फाट्यापर्यंत जायची, पुढे ज्याचे त्याचे पाय. सासूबाई म्हणाल्या, "इतक्या दूर जंगलात कोन पाठोते बाई आपल्या सुनेले?" नवरा काहीच म्हणाला नाही. तो गडचिरोलीत एका कार्यालयात कामाला होता. त्याचं काही न म्हणणं म्हणजे नकार, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

मी डीएड करून कितीतरी वर्षं घरात बसले होते. शेजारच्यांची पोरं शिकवली, पापड लाटले, लोकांच्या मुलींना मेंदी काढून दिली. आता सरकारनं एकदाची हाक मारली होती आणि हे लोक मला घाट दाखवून भिववत होते. माझं डोकं फिरलं.

"दिवाळीच्या सुट्टीत सायकलनं जाऊन पाहू, दोघंही," मी नवऱ्याला म्हणाले. "रस्त्यात कुठीही मी गाडीत बसली, तर नोकरी सोडली समजा. मंग मी तोंडातून शब्द काढणार नाई."

"अन् मी बसलो तर?" त्यानं हसत विचारलं.

"तर या नोकरीबद्दल तुमी पुन्हा चकार शब्द काढायचा नाई."

"मंजूर," तो म्हणाला. मी हरणार याची त्याला इतकी खात्री होती की त्यानं लगेच चहा मागितला.

माझी सायकल कॉलेजच्या दिवसातली, लेडीज, पुढच्या टोपलीची एक कडी तुटलेली. त्यानं ऑफिसातल्या मित्राची गेअरची सायकल मागून आणली. तेव्हा गडचिरोलीत गेअरची सायकल म्हणजे नवलाई. तो गल्लीत चकरा मारून गेअर बदलून दाखवायचा आणि मी ओट्यावर बसून शेंगा सोलायचे. निघायच्या सकाळी मी सलवार-कमीज घातली, तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण चिवड्याची पुडी त्यांनीच टोपलीत ठेवली.

सरळ डांबरी रस्त्यानं गेलो असतो तर बरं होतं. पण नवरा म्हणाला, "सोपा रस्ता घेतला तं परीक्षा कायची?" मग आम्ही आडवाटेनं, गावोगावच्या तलावांच्या पाळीवरून निघालो. आमच्याकडे प्रत्येक गावाला तलाव आणि त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, हाच पावसाळ्यातला रस्ता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पिवळं पडलेलं धान. पाळीवर बैलबंडीच्या चाकोऱ्या इतक्या खोल की पॅडल मातीला घासायचं. एका तलावात बायका शिंगाडे काढत होत्या. त्यांनी आम्हाला बघून हाका मारल्या, ओंजळभर शिंगाडे दिले आणि मी सायकल चालवते म्हणून खूप हसल्या. मीही हसले. मला फार आनंद झाला होता, खरं सांगते. लग्न झाल्यापासून मी इतकी लांब कुणाच्या मागे न बसता गेलेच नव्हते.

मुक्काम धानोऱ्याला नवऱ्याच्या मावसबहिणीकडे केला. दुसऱ्या दिवशी मात्र हाल झाले. जंगल सुरू झालं, रस्ता चढत राहिला. चढ दिसतही नव्हता, नुसता मांड्यांना कळत होता. गेअरच्या सायकलची चेन दर मैलाला उतरायची आणि नवरा काळ्या हातांनी ती चढवायचा. पोलिसांच्या नाक्यावर जवानानं पिशव्या बघितल्या, चिवडा बघितला आणि विचारलं, "इकडं कायले चालले जी?" नवरा म्हणाला, "हिले विचारा." मी सांगितलं, "शाळेत." दिवाळीच्या सुट्टीत कुठली शाळा, असं त्याच्या तोंडावर दिसलं, पण त्यानं जाऊ दिलं.

दुपार कलली तेव्हा माझ्यात जीव राहिला नव्हता. जीभ कोरडी, हातांना हँडलचे वळ. त्यात समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी आली. मी थांबून विचारलं, "बाई, समोर चढच हाये का, का उतार हाये?"

"उतार हाये ना माय," ती म्हणाली. "मोठा उतार. हे काय, वळनावरच."

त्या एका शब्दानं माझ्या पायात पुन्हा बळ आलं. मोठा उतार! पॅडल न मारता सायकल सुटेल, वारा लागेल, अंग सुकेल. मी उठून पॅडल मारलं. नवऱ्यानं तर शर्टाचं वरचं बटण उघडून ठेवलं, वारा घ्यायला. आम्ही वळण घेतलं आणि समोर नदी होती.

रस्ता सरळ पाण्यात शिरला होता आणि पलीकडच्या काठावर पाण्यातून वर निघाला होता. मधे पसरट, खळखळणारं पाणी. चार बायका साड्या खोचून तिरप्या चालत नदी ओलांडत होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नदीत जिथून पायी पार होता येतं त्या जागेलाही उतारच म्हणतात. म्हातारी अगदी खरं बोलली होती. मी काठावर बसून हसत सुटले आणि हसता हसता डोळ्यात पाणी कधी आलं ते कळलं नाही.

जरा खालच्या अंगाला, पाणी खोल होतं तिथे, एक डोंगेवाला आपली छोटी होडी घेऊन उभा होता. "या जी, सायकली टाका डोंग्यात," त्यानं हाक मारली.

मी उठले. नवरा माझ्याकडे बघून गालात हसला. "डोंगा बी गाडीच झाली ना. बसशीन तं हरशीन."

अस्सा राग आला मला! इतकं आडवाटेनं ओढून आणून हा माणूस आता डोंग्यावर अडवणार! "नाईच बसत," मी म्हणाले. चपला टोपलीत टाकल्या, सलवार गुडघ्याच्या वर खोचली आणि सायकल घेऊन पाण्यात शिरले.

पाणी थंडगार होतं. तळाला गोटे, त्यावर शेवाळ. आधी मी सायकल वरच्या अंगाला धरली, तर धार तिला माझ्यावरच ढकलू लागली. मग पाण्यातच थांबून ती खालच्या अंगाला घेतली. पाणी मांडीला लागलं. चाक गोट्यांत अडकलं की उचलायचं, पाय रोवायचा, पुन्हा उचलायचं. मी नुसती माझ्या पुढच्या बाईच्या पाठीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, ही दर हंगामात जाते, मी का नाही जाणार?

नदीच्या मध्यावर मान वळवून पाहिलं, तर नवरा डोंग्यात. मित्राची सायकल भिजायला नको म्हणून ती उभी धरून आरामात बसलेला.

"अवो!" मी ओरडले. "डोंगा बी गाडीच ना?"

 त्याचं तोंड उघडलं आणि तो ताडकन उभाच राहिला. "बसा ना भाऊ, डुलून राह्यला डोंगा!" डोंगेवाला किंचाळला. पलीकडे पोचलेल्या बायकांना काय झालं ते माहीत नव्हतं, तरी त्याही हसल्या.

काठावर भेटलो तेव्हा तो ओशाळला होता. "हरलो," म्हणाला. मी कमीज पिळत होते. मला जिंकल्याचं सुख वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. शब्दात पकडून नोकरी मिळवायची आणि मग जन्मभर "फसवलं" हे ऐकायचं, ते मला नको होतं.

"डोंग्याचं सोडा," मी म्हणाले. "घाट बाकी हाये. काय ते तिथंच ठरू द्या."

घाट म्हणजे नुसती वळणं आणि मुरूम. थोडं चालवायचं, थोडं ढकलायचं. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, मी रस्त्याकडेला बसून ते चोळले आणि पुन्हा उठले. नवऱ्याचे सगळे गेअर संपले होते, तोही ढकलत होता.  इतक्यात मागून बांबूचा रिकामा ट्रक घरघरत आला आणि आमच्याजवळ थांबला. ड्रायव्हरनं बाहेर डोकं काढलं. "टाका सायकली मागं! घाटाच्या वरतलग सोडतो."

 माझ्यात बोलण्याइतका श्वास नव्हता आणि त्या क्षणी कुणी मला हात धरून ट्रकमध्ये बसवलं असतं तर मी बसले असते. मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं ट्रकच्या उघड्या फाळक्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. त्यानं एक शब्द जरी काढला असता, तर माझी नोकरी तिथेच संपली असती.

"नाई जी," तो ड्रायव्हरला म्हणाला. "मास्तरीनबाईले शाळेत सोडून राह्यलो. आमी सायकलनंच जाऊ."

मला पहिल्यांदा कुणी मास्तरीनबाई म्हटलं ते असं, घाटात, घामानं भिजलेल्या नवऱ्यानं, ट्रक ड्रायव्हरला सांगताना. ट्रक गेला. मी तोंड फिरवून सायकल ढकलू लागले, कारण मला रडू येत होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

माथ्यावर पोचलो तेव्हा उन्हं झाडांवर गेली होती. खाली चार घरं, एक तलाव आणि त्याच्या पाळीशी शाळेचं कौलारू छप्पर दिसत होतं. नवरा माझ्या सायकलच्या मागे वाकून कॅरिअर हलवून बघू लागला.

"हे बदलाव लागन," तो म्हणाला. "याच्यावर तुई ट्रंक नाई बसत."

मग त्यानं खाली जाणाऱ्या रस्त्याकडे बोट दाखवलं. "चल. समोर उतार हाये."

"कोणता?" मी विचारलं.