अडखळेकाकांची खुर्ची

अडखळे हे काही काकांचं आडनाव नव्हतं. ते त्यांचं काम होतं.

नवीन लागलेली माणसं फसायची. पाकिटावर 'श्री. अडखळे' असं लिहून ठेवायची, आणि काकाही ते पाकीट मुकाट्याने घ्यायचे. खरं आडनाव त्यांना पगाराच्या दिवशी तेवढं आठवायचं.

ते ज्या कचेरीत होते तिथे एकाच प्रकारची पुस्तकं निघायची. कालपर्यंत ज्यांना कुणीतरी वाचून दाखवत होतं आणि आज ज्यांनी 'मी वाचणार, तू गप्प बस' असं घरात जाहीर केलंय, अशा मुलांची पुस्तकं. सोळा पानं, पानावर चार ओळी, टपोरी अक्षरं. खाली गोदाम, वर संपादन, आणि मधे एक लाकडी जिना, जो कोण वर येतंय हे पायरीगणिक ओरडून सांगायचा.

काका मुळातले गोदामातले. गठ्ठे बांधायचे. सुतळीची गाठ अशी मारायचे की दुकानदार हात टेकून कात्री शोधायला जायचा. शाळा तिसरीतच सुटलेली. अक्षरं ओळखीची होती, पण लग्नात भेटणाऱ्या लांबच्या नातेवाइकांसारखी. चेहरा आठवतो, नाव आठवत नाही.

अठरा वर्षांपूर्वी एकदा गठ्ठा घेऊन ते वर गेले, तर वर भांडण पेटलेलं. एक मोठे लेखक म्हणत होते, "मुलांना सगळं कळतं!" आणि संपादकबाई म्हणत होत्या, "कळेल हो, पण तोवर श्वास संपेल!" बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि कागद काकांच्या हातात कोंबला.

"काका, जरा मोठ्यानं वाचा."

काकांनी गठ्ठा खाली ठेवला, शर्टाला बोट पुसलं आणि ते शब्दाखाली टेकवून सुरुवात केली. चौथ्या शब्दाला धाप लागली. सातव्या शब्दाला वाट चुकून ते पुन्हा पहिल्यावर आले. अकराव्या शब्दाला थांबून त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "यातला चिखलात पडला कोण? हत्ती, की हत्तीचा मामा?"

लेखकांनी पाणी मागवलं. वाक्याचे तीन तुकडे झाले. पुस्तक निघालं आणि दोन महिन्यांत संपलं. त्या दिवसापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता काका वर जाऊ लागले. खिडकीजवळ हातांची एक खुर्ची त्यांच्यासाठी ठेवली गेली. खाली चहा पेल्यात मिळायचा, वर कपबशीत. काका बोट फिरवत वाचायचे, बाई पेन्सिल घेऊन शेजारी बसायच्या, आणि काका जिथे अडखळतील तिथे खूण करायच्या. तिथे वाक्य मोडायचं, शब्द बदलायचा. काकू शेजारणीला सांगायच्या, "ऑफिसात आमच्या ह्यांच्याशिवाय पान हलत नाही." यात अतिशयोक्ती शून्य होती. खरंच हलत नव्हतं.

पण माणसाने आठवड्याला दोन-चार गोष्टी, अशी तेरा-चौदा वर्षं, मोठ्याने वाचल्यावर काय होणार? दगड ठेवला असता खुर्चीवर तरी त्याला वाचता आलं असतं.

झालं ते घरातच झालं. काकूंना खोकला झाला होता. औषधाच्या बाटलीबरोबर तो घडीघडीचा बारीक कागद असतो ना, तो काकांनी उलगडला आणि वाचला. "गुंगी, मळमळ, डोकेदुखी, क्वचित प्रसंगी त्वचेवर पुरळ, भूक मंदावणे, चक्कर, अस्वस्थता, आणि लक्षणे तीव्र असल्यास तत्काळ वैद्यकीय सल्ला घ्यावा."

"अहो, थांबा! खोकल्यानं नाही, तुमच्या वाचनानं मरेन मी!" काकू म्हणाल्या, आणि मग एकदम उठून बसल्या. "अहो..."

"काय गं?"

"तुम्ही कुठेच अडखळला नाहीत."

काकांनी कागद घाईघाईने मिटला. त्यांनी इस्त्रीबरोबर आलेली सूचनापत्रिका काढली. घडाघडा. पेपरातली निविदेची जाहिरात. खडाखड. शेवटी, आता तरी जीभ अडकेल या आशेने, विम्याच्या कागदामागच्या अटी. त्या तर त्यांनी चालीत म्हटल्या.

"आता काय करू?" काका मटकन खाली बसले. "मला वाचता येतंय!"

जगात आजवर हे वाक्य इतक्या दुःखाने कुणी उच्चारलं नसेल.

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं काय? ज्याला अडखळता येत नाही त्याला तिथे कोण बसवेल? खुर्ची जाणार माझी. परत खाली, सुतळी आणि मी."

काकूंनी पदर खोचला. "जात नाही खुर्ची. अडखळायची तालीम करू."

तालीम सुरू झाली. काकू समोर स्टुलावर, काका उभे, हातात इस्त्रीचा कागद.

"व... व... वायर," काका म्हणाले.

"हे अडखळणं नाही, ही थंडी आहे. पुन्हा."

"वाय... वायर... ओली... ओली असल्यास..."

"आता उचकी लागल्यासारखं वाटतंय. अहो, मनापासून अडखळा! आपलं लग्न ठरलं तेव्हा बाबांसमोर बोलत होतात ना, तसं!"

ते मात्र जमलं.

पण नाटकात नट वाहवतोच. एका शुक्रवारी काका 'आई' या शब्दाला अडखळले. चित्रं काढणारी ताई कोपऱ्यातल्या टेबलावरून म्हणाली, "काका, 'आई'ला?"

"घसा," काका म्हणाले, आणि पुढच्या ओळीला पुरावा म्हणून खोकले.

यातली खरी गोम काकांना उशिरा कळली. खोटं अडखळायचं तर कुठे, हे कोण ठरवणार? जिथे मनात येईल तिथे! आणि बाई बिचाऱ्या तिथे तिथे खूण करणार. असंच एका बेडकाचं पुस्तक आलं होतं. मूळ गोष्टीत बेडूक टुणकन उडी मारून तळ्यातल्या पानावर बसायचा आणि सगळ्यांकडे बघून डोळे मिचकावायचा. काकांचा त्या दिवशी उत्साह असा काही उतू जात होता की ते शब्दाशब्दाला ठेचकाळले. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यातला मजकूर असा झाला होता: 'बेडूक आला. बेडूक थांबला. पान होतं. बेडूक बसला. बेडूक.'

महिन्याभरात एका शाळेच्या दुसरीच्या वर्गाकडून जाडजूड पाकीट आलं. बाईंनी पत्र वाचायला काकांकडेच दिलं. त्यात लिहिलं होतं: 'बेडकाला बरं नाही का? तो खूप दमलाय. आम्ही सगळ्यांनी त्याच्यासाठी औषध पाठवलं आहे.' आणि खाली एकतीस मुलांनी काढलेल्या एकतीस बाटल्या, रंगीत गोळ्या, एक इंजेक्शन आणि कुणीतरी काढलेलं एक पांघरूण.

काकांनी ते पत्र शर्टाच्या खिशात घातलं. त्या दिवशी कपबशीतला चहा तसाच राहिला. खुर्ची वाचवायच्या नादात त्यांनी एक धडधाकट बेडूक अंथरुणाला खिळवला होता.

घरी आल्यावर त्यांनी पत्र काकूंसमोर ठेवलं. काकूंची शाळा दुसरीत सुटलेली, म्हणजे घरात एका इयत्तेने काका वरचढ. त्या पत्रावरून बोट फिरवू लागल्या. 'बेडकाला'ला थांबल्या. 'त्याच्यासाठी'ला पुन्हा थांबल्या. काका बघतच राहिले. असं अस्सल, बावनकशी अडखळणं त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "एवढं चांगलं अडखळतेस, आणि बोलली नाहीस कधी?"

तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी गोष्टीची एक प्रत गुपचूप घरी येऊ लागली. काकू वाचायच्या, काका खुणा पाठ करायचे, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बायकोचं अडखळणं स्वतःच्या तोंडाने सादर करायचे. पुस्तकं पुन्हा ठणठणीत झाली. फक्त एक अडचण होती. काकू नुसत्या अडखळत नसत, जाब विचारत असत. काका सगळंच पाठ करून जायचे, त्यामुळे तेही बरोबर यायचं.

"'मुंगीने साखरेचा दाणा उचलला आणि ती... ती... निवांत चालू लागली,'" काका वाचायचे, आणि मग कपाळाला आठी घालून म्हणायचे, "घरी एवढी तोंडं वाट बघतायत, आणि ही निवांत?"

बाई मान खाली घालून लिहून घ्यायच्या. ताई टेबलाखाली वाकून हसायची.

अशी चार वर्षं गेली. काका आता सेवानिवृत्तीला टेकले होते. अजून दीड वर्ष निभावलं की सुटले. आणि नेमक्या एका मंगळवारी जिना ओरडला. टपालवाला आला होता. पाकिटातून एक गोष्ट निघाली, आणि बाई म्हणाल्या, "काका, आज हीच वाचू. आत्ता आलीये."

काकांचं धाबं दणाणलं. घरचा अभ्यास नाही! पण इलाज नव्हता. बोट टेकवलं. 'एक कोंबडी आग विझवणाऱ्यांच्या गाडीवर नोकरीला लागली.' काका नियमाप्रमाणे 'विझवणाऱ्यांच्या'ला अडखळले. पुढची ओळ: 'तिला आगीची भीती वाटत नव्हती. तिला शिडीची भीती वाटत होती.' काका इथे थांबणार होते, पण त्यांना कळेना की शिडीची भीती असेल तर ही वर चढणार कशी.

त्यांनी पान उलटलं.

घंटा वाजली. गाडी निघाली. कोंबडीचं शिरस्त्राण डोळ्यांवर आलं. साहेब ओरडले, आणि काका साहेबांच्या आवाजात ओरडले. चौथ्या मजल्यावर एक म्हातारा अडकला होता, त्याला काकांनी घोगरा आवाज दिला. कोंबडी शिडीची एक पायरी चढली, घाबरली, आणि शिरस्त्राणात अंडं घालून बसली. काका उभे राहिले. कोंबडी डोळे मिटून दुसरी पायरी चढली, काका खुर्चीवर एक पाय देऊन उभे राहिले. धूर, पाणी, म्हातारा, त्याचा पोपट, एकेका पायरीला एकेक अंडं! शेवटच्या पानावर म्हातारा कोंबडीला काखेत घेऊन शिडी उतरला, कारण चढणं जमलं तरी उतरणं तिला अजून जमत नव्हतं. काका इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

मग त्यांना ऐकू आलं की खोलीत दुसरं कुणीच हसत नाहीये.

ताईच्या हातातला ब्रश थांबला होता. गोदामातले दोघे जिन्यात येऊन उभे होते, आणि दगाबाज जिन्याने चकार शब्द काढला नव्हता. काकांचं बोट कागदावर नव्हतं. ते हवेत होतं, शिडीच्या टोकाकडे दाखवत.

काकांनी पाय खाली घेतला. रुमालाने खुर्ची पुसली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

"बाई," ते म्हणाले, "मला वाचता येतं."

"ते दिसलंच."

"बरंच येतं. बरीच वर्षं. मी तुम्हाला फसवलं. मी खाली जातो."

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"बेडकापासून."

काकांना बसावंसं वाटलं, पण खुर्ची आता आपली आहे की नाही हे ठरेना, म्हणून ते अर्धवट वाकून राहिले.

"मग मला काढलं का नाहीत?"

"काढणारच होते," बाईंनी पेन्सिल कानामागे खोवली. "पण बेडकानंतर तुम्ही वेगळ्याच माणसासारखे अडखळायला लागलात. फार हुशार माणूस आहे ते. मुंगीला घाई असते हे आमच्यापैकी एकाला सुचलं नव्हतं. काका, खरं सांगा, कोण आहे ते?"

काकांनी आधी जिन्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"घरून असतं," ते म्हणाले. आणि यावेळी आवाज मनापासून अडखळला.

शुक्रवारी अकराला दहा कमी असताना जिना पायरीगणिक ओरडू लागला, आणि त्याच्यावर ताण करून काकूही. "किती हा आवाज! तेल नाही का मिळत तुमच्या ऑफिसात?" त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. कुणी 'बसा' म्हणायच्या आत त्या खिडकीजवळच्या खुर्चीत, दोन्ही हातांवर दोन्ही हात ठेवून, स्थानापन्न झाल्या. काकांसाठी ताईने रंगाचे डाग पडलेलं एक स्टूल पुढे सरकवलं. त्याचा एक पाय आखूड होता.

ठरलं ते असं: गोष्ट आधी काकूंनी वाचायची, त्या कुठे थांबतात ते बघायचं. मग काकांनी वाचायची, आणि ते कुठे थांबायचं विसरतात ते बघायचं.

चहा आला. कपबशी काकूंपुढे गेली. काकांना पेला मिळाला, कारण वरच्या मजल्यावर कपबशी एकच होती. काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पेल्याला तोंड लावलं.

योगायोगाने त्या दिवशी ते हत्तीवाले मोठे लेखकही नवीन गोष्ट घेऊन आले होते. काकूंनी त्यांच्या कागदावर बोट टेकवलं. पहिला शब्द गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं, पुन्हा थांबलं. बाईंची पेन्सिल वर झाली. काका स्टुलावर डोलत अभिमानाने सगळ्यांकडे बघू लागले.

काकूंनी मान वर केली.

"हे लिहिलंय कुणी?" त्या म्हणाल्या. "त्याला जरा इकडे पाठवा."

लेखकांनी पाणी मागवलं.