डेरेकची करंगळी

डेरेकने आयुष्यात एकदाच गुरूला फसवलं, आणि ते आमच्या घरात ठरलं.

आज सकाळी तो गेला. वय एकाहत्तर.

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका पबमध्ये दर रविवारी दुपारी तो साध्या लाकडी गिटारवर ब्लूज वाजवायचा. अॅम्प्लिफायर नाही, बँड नाही.
शेवटी नेहमी एकच पीस. त्याला नाव नव्हतं. डेरेक म्हणायचा, "आता आर्थरचं."

आर्थर त्याचा गुरू. छापखान्यातल्या मशीनमध्ये आर्थरची डावी करंगळी गेली होती.
त्यामुळे त्याला त्या पीसमध्ये एका जागी अनामिका घसरत न्यावी लागायची. सूर जरा उशिरा पोचायचा.
तो उशीर म्हणजेच आर्थर.

डेरेकची पाचही बोटं शाबूत. तरी चाळीस वर्षं हा पीस त्याने करंगळी दुमडून वाजवला.

मग अनामिकेचा सांधा सुजला.
माझी बायको मेधा फिजिओ. रविवारी पबमधून तो आमच्याकडे चहाला यायचा, तेव्हा तिने त्याचा हात बघितला.

"असंच चालू ठेवलंस तर ख्रिसमसपर्यंत हे बोट वळणार नाही. करंगळी काय शोभेला ठेवलीयस?"

"आर्थरला नव्हती."

"तुला आहे ना पण!"

"मग ते आर्थरचं राहणार नाही, लव्ह."

"आणि वाजवणंच थांबलं तर? मग कुणाचं राहील?"

 डेरेक चहा अर्धाच ठेवून गेला.

पुढचे चार महिने "आर्थरचं" बंद. पब मॅनेजरने विचारलं, तर म्हणाला, "रिपेअरला दिलंय."

मग एका रविवारी वाजवलं. करंगळीने.
मी पुढच्याच टेबलावर होतो. करंगळी त्या सुरावर सरळ पोचू शकत होती. पोचली नाही. घसरत, रेंगाळत गेली. अगदी तेवढाच उशीर.
चार महिने तो तिला उशिरा पोचायला शिकवत होता.

वाजवून झाल्यावर गिटारवर वाकून म्हणाला,
"सॉरी, आर्थर."

लोक हसले. त्यांना वाटलं, कुठेतरी चुकला असेल.
मेधा हसली नाही. तिने माझा रुमाल मागून घेतला.

त्यानंतर दोन वर्षं "आर्थरचं" चालू राहिलं. गेल्या रविवारपर्यंत.

डेरेक, आर्थर भेटला की लगेच सॉरी म्हणू नकोस.
आधी वाजवून दाखव.