काळी-पांढरीच्या मधला सूर

मास्तर गेले त्याला आता वर्ष होत आलं. भेटणारे अजून हळहळतात, "चटका लावून गेले हो." मी मान हलवते. पण खरं सांगायचं तर मास्तरांची आठवण आली की मला आधी हुश्श वाटतं, रडू त्यानंतर येतं. लोकांना हे सांगितलं तर म्हणतील, बाईला वेड लागलं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते.

मास्तर म्हणजे आमचे पेटीमास्तर. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि ते पवनीजवळच्या पुनर्वसनात राहायला आले. सिमेंटचं घर, पुढे पत्र्याची पडवी. त्या पडवीत कोण नाही शिकलं? भजनी मंडळवाले शिकले, भीमगीतं गाणारे शिकले, दंडारीच्या खेळात पेटी धरणारे शिकले. मी तर फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून, त्यांच्या जुन्या गावात जाऊन शिकले. पुढे मी शाळेत मास्तरीण झाले, मोठमोठ्या पोरांना दटावलं, निवृत्तही झाले. पण मास्तरांसमोर माझं बोट चुकलं की शेवटपर्यंत मी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहायचे.

कारण बेसूर त्यांना सोसायचा नाही. एकदा सख्ख्या पुतण्याच्या वरातीत त्यांनी बँड थांबवला. नवरदेव घोड्यावर, बाया नाचायच्या थांबलेल्या, आणि मास्तर क्लॅरिनेटवाल्याला विचारतात, "काहून गा भाऊ, तुया सूर कुठी जाऊन राहिला? नवरदेव त इकडे हाय!" भजनात कुणी घसरला तर तिथल्या तिथे पाणउतारा. मग माणूस सरपंच असो की पाहुणा. मनात काही नसायचं, पण तोंड म्हणजे तोंड.

दरवर्षी दसरा झाला की आसपासच्या गावांतल्या पेट्या त्या पडवीत यायच्या. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा भरतात, दंडारी होतात, नाटकं होतात. त्याआधी पेट्या सुरात लागायला हव्यात. मोटारसायकलवर, ऑटोत, पोत्यात गुंडाळून, एकीमागून एक. मास्तरांकडे त्यांच्या गुरूच्या पेटीतली, हवा लागली की वाजणारी एक पितळी पट्टी होती, तिला ते 'मूळ सूर' म्हणायचे. तिच्यावर हिरवट डाग दिसले की राखेनं घासून लख्ख करायचे, ओठांशी धरून फुंकायचे आणि त्या आवाजाला प्रत्येक पेटी मिळवायचे. हात थरथरायला लागल्यावर घासायचं काम माझ्याकडे आलं. कान मात्र त्यांचाच.

आता गंमत अशी की पट्टी घासली की तिचा सूर बदलतो. हे मास्तरांना माहीत नव्हतं का? पेटीच्या पट्ट्या तर ते घासूनच लावायचे! पण ती पट्टी गुरूची, तिच्यावर संशय घ्यायचा कसा? वर्षानुवर्षं घासून घासून ती उतरत गेली आणि तिच्यासोबत आमचा अख्खा मुलूख उतरला. सगळ्याच पेट्या दरवर्षी एकत्र उतरत होत्या, तेव्हा कळणार कोणाला?

मला कळलं ते लेकीमुळे. तिनं नागपूरहून हौसेनं इलेक्ट्रिक कीबोर्ड आणला. मी माझी पेटी घेऊन शेजारी बसले, तर जुळेचना. काळी दाबा, पांढरी दाबा, आमचा सूर नेमका दोघींच्या मधल्या फटीत. मी ठामपणे म्हटलं, बिघडलेला माल गळ्यात मारला तुझ्या. तिला परत पाठवलं. दुकानदारानं बिचाऱ्यानं दुसरा दिला. तोही तसाच! मी तिसऱ्यांदा पाठवणार होते, तेवढ्यात माझ्याच डोक्यात उजेड पडला आणि मी मटकन खाली बसले.

मी फक्त एकाला सांगितलं. आंधळगावचे एक भाऊ आहेत, तिथल्या भजनी मंडळाचे प्रमुख, माझ्यासोबतच शिकलेले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मले त कवाचा मालूम हाय, ताई. नागपूरले गेलो होतो भजन स्पर्धेले, तईच समजला. मास्तराईले नोको सांगू पण. आयुष्यभर ज्या मानसानं दुसऱ्याईच्या सुराची चूक काढली, त्याले कोन्या तोंडानं सांगाचा?"

तेच तर होतं. नव्वदीकडे झुकलेला, पाण्यात गाव गेलेला माणूस. हातात उरला होता तो एक सूर. तोही चुकीचा, हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं. आम्ही दोघांनी तोंड शिवून घेतलं.

आणि मग शिष्यांनी त्यांचा सत्कार ठरवला. पवनीत, दुपारचा कार्यक्रम, सगळ्या गावांचे शिष्य आपापल्या पेट्या घेऊन येणार. इथपर्यंत ठीक. पण कोणीतरी उत्साहानं नागपूरच्या एका नामांकित गायिकेला बोलावलं आणि व्यवस्था माझ्या माथी मारली. फोनवर ती म्हणाली, "तबलजी आणते, तंबोरा माझा आहे. पेटीची साथ तुमच्या मास्तरांच्या शिष्यांचीच हवी." किती चांगली बाई! मला मात्र घाम फुटला. आठवडाभर मी तिला फोन करून खरं सांगायचं म्हणत होते. पण काय सांगणार? की आमच्याकडे सा वेगळा असतो? शेवटी ठरवलं, ती आली की बाजूला घेऊन सांगू. तर तिची गाडी वाटेत बंद पडली आणि ती आली ती थेट मंचावरच.

मास्तर पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, गळ्यात हार. आमच्या स्वागतगीतासाठी पेट्या उघडलेल्याच होत्या. तिनं नमस्कार करून इलेक्ट्रॉनिक तंबोरा सुरू केला. साथीला बसलेल्या आंधळगावच्या भाऊंनी, दुसरा इलाजच नव्हता म्हणून, सा धरला. आणि दोन सूर एकमेकांना असे घासले की मागे बसलेल्या बायांनीसुद्धा माना वर केल्या.

मास्तर काठी टेकत उठले. मी डोळे मिटून घेतले. आता ते पेटीकडे पाहणार, तंबोऱ्याकडे पाहणार, आणि सगळं कळणार.

"बाई," मास्तर कडाडले, "तुमचा तंबोरा चढला हाय! इतक्या मोठ्या गानाऱ्या तुमी, अन् तंबोरा लावाले नोको का?"

तबलजीनं तोंड उघडलं होतं, पण तिनं हात किंचित वर केला. तिनं मास्तरांकडे पाहिलं. मग पेट्यांच्या रांगेकडे आणि पेट्यांमागे खाली घातलेल्या आमच्या मानांकडे. एकही माणूस तिच्या नजरेला नजर देत नव्हता. भाऊंची दोन्ही कानशिलं लाल झाली होती. मला वाटतं तेवढ्यातच तिला कळलं.

"हो की, मास्तर," ती म्हणाली. "गाडीच्या धक्क्यांनी चढला असेल. थांबा हं."

ती वाकली आणि तंबोऱ्याचं बारीक बटण फिरवू लागली. सूर हळूहळू खाली आला, आणखी खाली, काळी-पांढरीच्या मधल्या आमच्या फटीत येऊन बसला आणि पेट्यांना मिळाला. तबलजीनं काही न बोलता हातोडी उचलली आणि तबला उतरवायला घेतला. मास्तर म्हणाले, "हां," आणि खाली बसले.

माझ्या छातीवरचा दगड उतरला म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. मी तोंडात पदर धरून रडत होते, हसतही होते. आजूबाजूला पाहिलं तर अर्धी मंडळी तेच करत होती. तेव्हा कळलं की आम्ही दोघंच नव्हतो. जो जो कधी जिल्ह्याबाहेर वाजवायला गेला होता, त्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, आणि प्रत्येकानं आपल्याशीच ठेवलं होतं. केवढी ही चोरांची टोळी! आणि बाई काय गायली म्हणता! मास्तर मांडीवर ताल धरून बसले होते.

मला वाटलं, संपलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन त्यांच्याकडे गेले, तर मास्तर पडवीत तोंड पाडून बसलेले. रात्रीतून काही लक्षात आलं की काय?

"पोरी," ते म्हणाले, "त्या बाईले मी सगळ्याईसमोर बोललो. नोको होता बोलाले. एवढ्या दुरून आली बिचारी. तिले किती वाईट वाटला असल."

उभ्या जन्मात कोणाला बोलल्याचं त्यांनी वाईट वाटून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

"लाव बरं तिले फोन."

मी लावला आणि त्यांच्या हातात दिला. फोन मोठ्या आवाजावर होता. मास्तर घसा खाकरून म्हणाले, "बाई, मी पवनीचा पेटीमास्तर. काल रागानं बोललो मी. मनात ठेवजा नोको."

ती पलीकडून म्हणाली, "मास्तर, माझे गुरुजी गेल्यापासून मला असं रागावणारं कोणी उरलं नव्हतं. तुम्ही बोललात, बरं वाटलं मला."

ती रियाजाला बसली असावी. तिच्या बोलण्यामागे तंबोरा वाजत होता. मास्तरांनी फोन कानाजवळ नेला, डोळे मिटले. मीही श्वास रोखून ऐकलं. तंबोरा कालच्यासारखाच होता. तिनं तो परत चढवला नव्हता.

"आता बराबर हाय," मास्तर म्हणाले, आणि चहाचा कप उचलला.