मेलेलं झाड आणणारे काका

आमच्या मोताळ्याच्या बागमंडळात दर रविवारी प्रत्येकानं एक झाड दाखवायला आणायचं असतं. आम्ही फुललेलं आणतो, हे काका मेलेलं आणतात आणि ते कशानं मेलं ते सांगतात. दुसऱ्याच्या कुंडीत मात्र न विचारता बोट खुपसतात. "एवढं पाणी काऊन देऊन राह्यला बे? तहान तर लागू दे त्याले!" मला रागच यायचा. पण खरं सांगायचं तर आम्ही शिकलो ते त्यांच्या वाळक्या काड्यांवरूनच.

परवा त्यांचं गुलाबाचं कलम पहिल्यांदाच जगलं. कळीसुद्धा धरली होती. वाटेत त्यांनी मला ते तीनदा पिशवीतून काढून दाखवलं.

मंडळात एक बाई नव्यानं आल्या होत्या. वाळलेलं लिंबाचं कलम पदराआड धरून मागं बसल्या होत्या. काकांनी ते पाहिलं आणि आपली पिशवी पायानं बाकाखाली सारली.

"ताई, आज शिकवाले माह्याजवळ मेलेलं झाडच नाही. तुमचं देता काय?"

बाई हसल्या. कलम पुढं आलं. कलमाच्या जोडावरची पट्टी सैल बांधली होती, ते सगळ्यांनी पाहिलं.

परतताना मी पिशवीत डोकावलो. "काका, कळी मोडली हो."

"येईन दुसरी," ते म्हणाले. "झाड जगलं हाय ना."